बावटा कुणाचा?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्याकडे पास होण्यापुरता विषय होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. इंग्लिश सेक्शनला दिला असता तर हा लेख दोन तासांत झाला असता. पण ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांनी आयुष्यभर मराठीत गाणी गायली, आणि तीही आपल्या जिल्ह्याच्या मातीतली मराठी. त्यांच्याबद्दल इंग्लिशमध्ये लिहायला मलाच कसंतरी वाटलं.

तर झालं असं. मागच्या वर्षी मी नवी पेठेतून एक काळा टी-शर्ट घेतला. त्यावर चार उभे पांढरे पट्टे, एक खाली एक वर असे. आपल्या कॉलेजमध्येही दोघातिघांकडे आहे. बार्शीहून माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आले होते. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "हे काय गं? आपले चार पुतळे का?"

सोलापूरच्या माणसाला चार म्हटलं की चार हुतात्मेच आठवणार. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मी हसले आणि म्हणाले, "नाही आजोबा, हा एका अमेरिकन बँडचा लोगो आहे. झेंडा फडफडतोय असं दाखवलंय. बँडचं नाव ब्लॅक फ्लॅग."

"म्हणजे काळा बावटा," आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी लाल बावटा होता. त्यातला एक आपल्या बार्शीचा. नुसता उभा राहिला तरी मैदान गप्प व्हायचं. नाव माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं. ब्लॅक फ्लॅगमध्ये कोणत्या वर्षी कोण गायक होता हे मी झोपेत सांगितलं असतं, पण अमर शेख हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. माझं आजोळ बार्शी, दर मे महिन्यात मी तिथे जाते. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली हेसुद्धा जनरल नॉलेज म्हणून पाठ होतं. पण हे माहीत नव्हतं.

त्यानंतर वर्षभर जमेल तसं वाचलं, आजोबांना फोन करकरून विचारलं. मध्येच आमच्या स्वतःच्या बँडमध्ये एक भांडण झालं, त्यामुळे या वाचण्याला वेगळाच अर्थ आला. ते पुढे सांगते. आधी दोन्ही बावट्यांची गोष्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हार्डकोअर म्हणजे पंक संगीताचा अजून वेगवान, अजून कर्कश आणि अजून छोटा प्रकार. गाणं मिनिट-दीड मिनिटात खलास. त्याची सुरुवात करणाऱ्या दोन-चार बँड्समध्ये ब्लॅक फ्लॅगचं नाव पहिल्या ओळीत येतं. १९७६ साली कॅलिफोर्नियात ग्रेग जिन नावाच्या मुलाने हा बँड काढला. आपल्या ईअँडटीसीच्या पोरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या जिनने बारा वर्षांचा असताना रेडिओचं सामान विकायचा धंदा सुरू केला होता. नावात 'सॉलिड स्टेट' हे शब्द होते, आपण पहिल्या वर्षी डायोड-ट्रान्झिस्टरच्या धड्यात वाचतो तेच. पुढे बँडची रेकॉर्ड काढायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याने त्याच धंद्याची आद्याक्षरं घेऊन 'एसएसटी' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही, स्वतः छापायचं, स्वतः विकायचं, व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव वाजवायचं. नंतरच्या कित्येक बँड्सनी ही रीत त्यांच्याकडूनच उचलली. बँडचं नाव आणि तो चार पट्ट्यांचा लोगो जिनच्या भावाच्या, रेमंड पेटिबॉनच्या डोक्यातून निघाला.

१९८६ साली बँड मोडला. त्याआधी गायक चार झाले, बाकीचे वादक किती आले आणि गेले याची मोजदाद नको. एका कंपनीशी झालेल्या कोर्टकज्जामुळे मध्ये दोनेक वर्षं स्वतःच्याच नावाने नवी रेकॉर्ड काढता येईना. पण खरी गंमत पुढे आहे. २०१३ साली जुन्या लोकांनी पुन्हा वाजवायचं ठरवलं, आणि एकाच वेळी दोन बँड उभे राहिले. एक जिनचा 'ब्लॅक फ्लॅग' आणि दुसरा जुन्या सवंगड्यांचा नुसता 'फ्लॅग'. गाणी तीच. जिन कोर्टात गेला, की नाव माझं, चार पट्टे माझे. कोर्टाने त्याला हवा तो मनाई हुकूम दिला नाही, आणि २०१४ मध्ये आपसात मिटलं. जन्मभर व्यवस्थेला शिव्या घातलेली माणसं ट्रेडमार्कच्या कायद्याखाली एकमेकांसमोर उभी राहिली. २०२५ साली जिनने परत नवा संच जमवला, तर त्यातली तीन पोरं विशीतली, म्हणजे माझ्या वयाची. बँड मोडल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. आता मला सांगा, हा ब्लॅक फ्लॅग आहे का नाही?

आता आपला बावटा.

१९४४ साली मुंबईत तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक काढलं. पहिले अण्णाभाऊ साठे, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. मातंग समाजातला मुलगा, शाळा फक्त दीड दिवसाची, वाटेगावाहून मुंबईला पायी गेलेला. दुसरे शाहीर द. ना. गवाणकर. आणि तिसरे आपल्या बार्शीचे अमर शेख, खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आईच्या तोंडच्या ओव्या आणि गाणी ऐकत ते वाढले. बसवर क्लीनर म्हणून राबले, बार्शीच्या गिरणीत काम केलं, संपात पुढे झाले म्हणून तुरुंगात गेले. मग गाव सुटलं आणि मेहबूबचा अमर शेख झाला.

या पथकाकडे थिएटर नव्हतं. गिरणीच्या गेटवर, चाळीच्या चौकात, मोकळ्या मैदानात उभं राहायचं. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि गळा, एवढीच साधनं. तमाशाचा साचा घेतला पण त्यातून गणगौळण काढून टाकली आणि तिथे सावकार, काळाबाजारवाला, गिरणीमालक आणून उभे केले. लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता संतापायचे. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. मग अण्णाभाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, काम तेच ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी गावं पेटवली. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड. गिरणीसाठी मुंबईत आलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको, आणि शेवटी ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख. आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी बार्शीत कार्यक्रम झाला होता, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी पाहिला. "पोरी, माईक मध्येच बंद पडला. अमर शेखांनी हाताने तो बाजूला सारला आणि पुढचं गाणं तसंच गायलं. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आलं." खरंखोटं मला माहीत नाही, आठवणीत आवाज मोठा होत जातो. पण सत्तर वर्षं एखाद्याच्या कानात राहतो तो आवाज साधा नसणार.

पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमर शेखांनी स्वतःचं कलापथक काढलं, अण्णाभाऊ कादंबऱ्यांकडे वळले. 'फकिरा' १९५९ साली आली, तिला राज्य सरकारचं पारितोषिकही मिळालं. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. पण घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडी आणि गरिबी काही सुटली नाही. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. एका पावसाळ्यात दोघं संपले.

आणि इथून वारशाची खरी ओढाताण सुरू होते.

अण्णाभाऊंच्या नावाने १९८५ मध्ये सरकारी महामंडळ झालं, २००२ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. हे सगळं व्हायलाच हवं होतं, उशिराच झालं. १ ऑगस्टला आपल्या सोलापुरात काय मिरवणुका निघतात हे मी सांगायला नको. पण गेल्या वर्षी मी मुद्दाम रस्त्यावर उभं राहून ऐकलं. डीजेच्या भिंती, छातीत हादरे बसतील असा बेस, आणि तासाभरात अण्णाभाऊंचं स्वतःचं एकही गाणं माझ्या कानावर पडलं नाही. सिग्नल-टू-नॉईज रेशो शून्य, असं आमच्या भाषेत म्हणता येईल. पोरांचा दोष नाही. वर्षातला एक दिवस रस्ता त्यांचा असतो, नाचणारच. पण ज्याने बोर्डावर फोटो छापला त्याला तरी आत काय लिहिलंय हे वाचावंसं वाटायला हवं होतं.

शिवाय अण्णाभाऊ कुणाचे, हा वाद आहेच. लाल झेंडेवाले म्हणतात आमचे, निळे झेंडेवाले म्हणतात आमचे, त्यांच्या समाजाच्या संघटना म्हणतात आमचे, आणि निवडणुकीच्या वर्षी सगळेच म्हणतात आमचे. मग अमर शेख? त्यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे, अभ्यासक त्यांना विसरलेले नाहीत. पण आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यावर, आमच्या पिढीच्या तोंडी ते नाव नाही. गवाणकरांचं तर त्याहून नाही. मला याचं कारण साधं वाटतं. मुसलमान घरात जन्मलेला, कम्युनिस्ट झालेला आणि मराठीपणासाठी गळा फाडून गायलेला माणूस कुठल्याच एका खोक्यात बसत नाही. जो खोक्यात बसत नाही त्याचा बोर्ड लावायला कुणी पुढे येत नाही, कारण त्यातून मतं मोजता येत नाहीत. खरं तर याच कारणासाठी आज तो माणूस आपल्याला सगळ्यात जास्त हवा आहे. कुर्बान हुसेनला इतर तिघांच्या बरोबरीने चौकात उभं करणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला लागू नये.

कुणी म्हणेल, अगं, ही तुलना कसली? कुठे अमेरिकेतल्या पोरांचा आरडाओरडा आणि कुठे कष्टकऱ्यांची चळवळ. मुद्दा बरोबर आहे. ब्लॅक फ्लॅगचा राग बराचसा आतला, स्वतःवरचा, घरावरचा, पोलिसांवरचा. आपल्या शाहिरांचा राग भाकरीसाठी होता, राज्यासाठी होता. त्यांच्या गाण्यांनी १ मे १९६० ला राज्य मिळवायला हात लावला. दोन्ही एका तराजूत मी घालत नाही. पण बंडाचं गाणं गाणारे निघून गेले की मागे त्या गाण्याचं काय होतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. तिकडे त्याचा ट्रेडमार्क होतो, इकडे त्याचा बॅनर होतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, विशेषतः मुलगी म्हणून. अमर शेखांची मुलगी मल्लिका अमर शेख. त्या स्वतः कवयित्री, आणि दलित पँथरच्या नामदेव ढसाळांच्या पत्नी. १९८४ साली त्यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आलं. बाहेर क्रांती करणाऱ्या माणसाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी कुणाचीही भीड न ठेवता लिहिलं. ते वाचून माझी दोन दिवस झोप उडाली. तेव्हा मी इथे कुणाच्या आरत्या ओवाळत नाही. वारसा घ्यायचा म्हणजे हेही घ्यायचं. शाहिराचं गाणं घेतलं आणि घरातल्या बाईची तक्रार दाबली, तर तो वारसा अर्धाच.

आता आमच्या बँडचं. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तेच भांडणाचं मूळ आहे. आम्ही पाच जण. मी बेस वाजवते. ज्याने बँड काढला, नाव ठेवलं आणि पहिली तीन गाणी बसवली तो दादा पास होऊन नोकरीला पुण्याला गेला. गॅदरिंगच्या आधी त्याचा मेसेज आला, "मी नसताना ते नाव वापरू नका, माझी गाणी पण वाजवू नका." आमच्यातले दोघं भडकले, "काय बे, दोन वर्षं आम्ही काय टाळ कुटले काय?" ग्रुप फुटला. दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले, दोन्हींचं नाव तेच आणि दोन्हींचा फोटो तोच. मी दोन्हींत होते. रात्री दीड वाजता दोन्हीकडच्या शिव्या वाचताना मला एकदम २०१३ चे ते दोन बँड आठवले आणि हसूच आलं. आम्ही एवढुसे पाच जण, गॅदरिंगला दोनदा वाजवलेले, आणि भांडण मात्र थेट लॉस एंजेलिसच्या कोर्टातलं!

पहिल्यांदा मला वाटलं की उत्तर सोपं आहे. गाणं सगळ्यांचं असतं, नाव काय, कुणीही वापरावं. हे मी आजोबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांचं म्हणणं सोपं आहे बाळ. सगळ्यांचं झालं की लिहिणाऱ्याच्या घरी चूल पेटली का, हे कुणी बघत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णाभाऊंची गाणी अख्ख्या महाराष्ट्राची झाली आणि अण्णाभाऊ गरिबीत गेले. तिकडे एसएसटीवर रेकॉर्ड काढलेल्या काही बँड्सनी पैसे मिळाले नाहीत म्हणून तक्रारी केल्या, काही कोर्टातही गेले. म्हणजे 'सगळ्यांचं' या शब्दाआड फुकटेगिरी लपू शकते, आणि 'माझं' या शब्दाआड हावरटपणा. दोन्हींच्या मधून वाट काढायची तर कशी?

मला जी सापडली ती अशी. नाव सोडता आलं पाहिजे, श्रेय सोडता कामा नये. तमाशाचं नाव गेलं तर अण्णाभाऊंनी लोकनाट्य म्हटलं आणि काम चालू ठेवलं. नावाला चिकटून बसले असते तर काम थांबलं असतं. पण म्हणून कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कुणी गायलं, हे पुसायचं नाही. त्यातून पैसा आला तर त्यात त्यांचा वाटा. पैसा नसेल तर निदान माईकवर नाव घ्यायचं, आणि तिघं असतील तर तिघांचं.

आम्ही हेच केलं. जुनं नाव दादाला परत दिलं आणि गॅदरिंगला बिननावाचे उभे राहिलो. त्याचं एक गाणं त्याला फोन करून, परवानगी मागून वाजवलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग "बरं, वाजवा" म्हणाला. गाण्याआधी मी त्याचं नाव घेतलं. समोरून आलेल्या टाळ्यांचं रेकॉर्डिंग त्याला पाठवलं, त्यावर अजून रिप्लाय नाही. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. आमच्यातला एक अजूनही माझ्याशी बोलत नाही.

पण ही झाली आमची गल्लीतली गोष्ट. आपल्या सगळ्यांसाठी माझ्या दोन सूचना आहेत, खर्च काहीच नाही. एक, पुढच्या १ ऑगस्टला आपल्या कॉलेजात अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालू तेव्हा भाषणं निम्मी करावीत आणि त्यांचं एक गाणं पूर्ण ऐकवावं. ढोलकी वाजवणारे आपल्याकडे मेकॅनिकलला दोघं आहेत, डफ मी शिकते. दोन, २० ऑक्टोबरला, अमर शेखांच्या जन्मदिवशी, मराठी मंडळाने एक तास ठेवावा. बार्शीची किती पोरं आपल्या होस्टेलवर आहेत! त्यांनी घरी जाऊन आपापल्या आजी-आजोबांना विचारावं, आठवणी फोनवर रेकॉर्ड करून आणाव्यात. ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकला ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. पुतळा दहा वर्षांनी बसवला तरी चालेल, या आठवणी दहा वर्षं थांबणार नाहीत.

टी-शर्ट मी अजून वापरते. त्या दिवसानंतर आजोबा त्याला 'काळा बावटा' म्हणतात. आता कुणी मला विचारलं की हे चार पट्टे काय, की मी आधी ब्लॅक फ्लॅगचं सांगते, मग विचारते, "आणि अमर शेख माहितीयेत का?" बहुतेक वेळा समोरचा मान हलवतो, नाही म्हणून. मागच्या वर्षी मीही तशीच हलवली होती, त्यामुळे रागवायचा हक्क मला नाही. मग मी सांगायला बसते.